ते अकरावं पान मी मागे घेते

सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये टॅरो वाचणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

आपण बहुतेकजण एकमेकांना ओळखतो. कुणी माझ्याकडे शिकलात, कुणाकडून मी शिकले, कुणाची गाठ हरभट रोडला खरेदीत पडते, कुणाशी नुसतंच फोनवर बोलणं होतं. हे पत्र एकेकट्याला पाठवता आलं असतं. पण यातली चूक माझी आहे आणि ती आता माझ्या एकटीपाशी राहिलेली नाही, म्हणून उघडच लिहिते.

गेल्या महिन्यात एक मुलगी घरी आली. इथल्याच एका क्लासला जाते. पिशवीतून स्पायरल केलेल्या नोट्स काढल्या, अकरावं पान उघडलं आणि म्हणाली, "काकू, हे पान मला लागूच पडत नाही. मी काय करू?" झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. कडेला काळी पट्टी आलेली, खालच्या दोन ओळी जवळजवळ पुसलेल्या. पण ‘ल’ जुन्या वळणाचा, पाकळीचा, आणि ‘श’ गाठीचा. अक्षर माझं होतं. 2011 साली विश्रामबागेत आमच्या हॉलमध्ये सहाजणांची पहिली बॅच घेतली, तेव्हा रात्री जागून काढलेल्या त्या नोट्स. कुणाच्या हातून कुणाकडे गेल्या देव जाणे. नावाचं पान गळून गेलंय, अकरावं तेवढं टिकलंय.

हे पत्र टॅरो न वाचणाऱ्या कुणाच्या हातात पडलं तर एवढं सांगते: टॅरोच्या संचात, म्हणजे डेकमध्ये, 78 चित्रांची कार्डं असतात. ती मांडून समोरच्याशी बोलायचं, त्या मांडणीला स्प्रेड म्हणतात. वाँड्स, कप्स, स्वॉर्ड्स आणि पेंटॅकल्स असे चार सूट, प्रत्येकात किंग, क्वीन, नाइट आणि पेज ही दरबारी पानं; एम्परर, एम्प्रेस, लव्हर्स ही सूटबाहेरची कार्डं. त्या अकराव्या पानावर मी लिहिलं होतं: ‘किंग म्हणजे नवरा, वडील किंवा साहेब. क्वीन म्हणजे बायको, आई, सासू. नाइट म्हणजे तरुण मुलगा, लग्नाचं स्थळ. पेज म्हणजे मूल, बहुतेक वेळा मुलगा. एम्परर पुरुषाचं कार्ड, एम्प्रेस बाईचं. लव्हर्स म्हणजे मुलामुलीचं लग्न. क्वीन ऑफ स्वॉर्ड्स म्हणजे विधवा किंवा टाकलेली बाई.’ शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा. झेरॉक्समध्ये त्या काळ्या आल्यात, पण मी लाल पेनाने मारल्या होत्या हे मला पक्कं आठवतं.

मुलीला एक मैत्रीण आहे. मैत्रीण म्हणजे कोण, ते तिने एका वाक्यात सांगितलं, पाण्याचा ग्लास दोन्ही हातांत धरून, माझ्याकडे न बघता. घरी स्थळं बघणं चालू आहे. "नाइट म्हणजे स्थळ असं इथे लिहिलंय. मग माझ्या स्प्रेडमध्ये नाइट पडला की मी काय समजायचं, काकू? घरच्यांचंच खरं होणार?" तिला विचारूनच हे लिहिते आहे, आणि तिची ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही.

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. चहा टाकायला म्हणून आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहिले. या मुलीने निदान विचारलं तरी. इतक्या वर्षांत अशी किती माणसं माझ्यासमोर बसली असतील, ‘लवकरच एक तरुण तुमच्या आयुष्यात येतोय’ असं माझ्या तोंडून ऐकून, पाकीट ठेवून, हसून निघून गेली असतील! त्यांच्यातली कितीतरी पुन्हा आली नाहीत. ती का आली नाहीत, हे मी त्या दिवसापर्यंत स्वतःला विचारलंच नव्हतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्या मेडिकल कॉलेजात शिकले आणि शेजारच्या साताऱ्यातून त्यांनी अंधश्रद्धेविरुद्धचं काम उभं केलं. अशा मुलखात कार्डं मांडून बसताना आपण काय करतो आणि काय करत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायलाच हवं. कार्डाला उद्याचं काही कळतं असं मी मानत नाही. चित्र समोर असलं की माणूस स्वतःबद्दल बोलायला लागतो, आणि एरवी जे बोलायचं राहून जातं ते बोलतो. माझ्या कामाचा जीव एवढाच आहे. पण म्हणूनच त्या चित्राला आपण काय नाव देतो त्याला फार वजन आहे. मी ‘बाई’ म्हटलं की समोरचा माणूस आपल्या आयुष्यात बाई शोधायला लागतो, आणि स्वतःकडे बघायचं राहून जातं.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार माझ्याकडे येतात. पहिल्यांदा आले तेव्हा मधोमध एम्प्रेस पडलं. मी अकराव्या पानाला धरून सांगितलं, "घरातल्या बाईच्या हाताला यश आहे, बागेच्या बाबतीत त्यांचं ऐका." ते बराच वेळ कार्डाकडे बघत राहिले. पुढे पिकलेल्या गव्हाचं शेत, मागे झाडी आणि वाहतं पाणी, अंगावरच्या झग्यावर डाळिंबं. मग म्हणाले, "ताई, मंडळी अंगणवाडीवर असती. बागंत ती येतच न्हाई. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, मणी विरळायचं, घड औषधात बुडवायचं, समदं मीच बघतो. रात्री पाऊस आला तर मीच उठून जातो. मग ही बाई कोण?"

ती बाई तेच होते. घडाखाली तळहात धरून त्याचं वजन बघणारा, फुलोऱ्यात ढग आले की जेवण न जाणारा हा माणूस. एम्प्रेस म्हणजे जोपासना, वाढवणं, हाताखालचं जिवंत ठेवणं. ते कार्ड त्यांच्यावर इतकं नेमकं बसत होतं आणि मी ते उचलून त्यांच्या बायकोच्या पदरात टाकलं होतं. मी चुकले असं त्यांना सांगितलं आणि पुन्हा पहिल्यापासून बोललो. त्या दिवशी ते त्यांच्या वडिलांबद्दल बोलले. वडिलांनी ती बाग लावली होती आणि आयुष्यात पोरांना कधी जवळ घेतलं नव्हतं. वेलींना मात्र हात लावताना ते हळू बोलायचे, असं ते म्हणाले.

क्वीन ऑफ स्वॉर्ड्सचं तर मला सगळ्यात जास्त लागतं. मिरजेत पिठाची गिरणी चालवणाऱ्या एक बाई, नवऱ्याला जाऊन पाच महिने झाले होते. माझ्याआधी त्या दुसऱ्या कुणाकडे गेल्या होत्या. तिथे हेच कार्ड निघालं आणि त्यांना सांगितलं गेलं, ‘हे विधवेचं कार्ड आहे, हे असंच राहणार.’ ज्यांनी सांगितलं त्यांच्यावर माझा राग नाही. ते वाक्य त्यांना कुठून मिळालं असेल ते मला ठाऊक आहे, त्याखाली लाल रेघा मी मारल्या होत्या. माझ्यापर्यंत ते लंडनहून आलं. आपल्यापैकी बहुतेकांच्या हातातला डेक ज्यांनी काढला त्या ए. ई. वेट यांच्या पुस्तकात या कार्डाचा पहिलाच अर्थ वैधव्य असा दिलाय आणि पुढे बाईचं दुःख, वांझपण, विरह वगैरे. मी ते भाषांतर करून उतरवून घेतलं.

आता ते कार्ड डोळ्यांसमोर आणा. उजव्या हातात सरळ उभी तलवार. डावा हात पुढे, पंजा उघडा, जणू ‘या, बोला, पण खरं बोला’ असं सांगणारा. सिंहासनावर फुलपाखरू कोरलेलं. यात वैधव्य कुठे दिसतं? दुःख पाहिलेला चेहरा दिसतो, ते मान्य. दुःख पाहून डोकं ठिकाणावर ठेवलेलं माणूस दिसतं. त्या गिरणीवाल्या बाईंचा दीर गिरणी विकायच्या मागे होता आणि त्यांनी कागदावर सही केली नव्हती. त्यांना त्या पंजाचा अर्थ मी सांगावा लागला नाही. त्यांनी स्वतःचा हात तसा धरून पाहिला. मनगटावर बांगड्या नव्हत्या, पण बांगड्यांच्या जागी फिकट वर्तुळं होती.

शेजारच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाने बसून जे मोडीत काढलं, ते आपण एका कार्डावर चिकटवून पुन्हा घरोघर पोचवतो आहोत. त्यानंतर हेच कार्ड मी एका निवृत्त कारकुनांना वाचलं, एका कॉलेजच्या मुलाला वाचलं, मिरजेच्या दवाखान्यात ब्रदर म्हणून काम करणाऱ्या एकाला वाचलं. प्रत्येकाला त्यात आपलं काहीतरी सापडलं. विधवा कुणीही नव्हतं.

आणि पेज. ‘मूल, बहुतेक वेळा मुलगा’ हे मी लिहिलं होतं. सुनेला घेऊन आलेल्या सासूबाई कार्डांकडे कशा बघतात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मार्च 2017 मध्ये मिरजेजवळच्या म्हैसाळमध्ये 19 स्त्रीभ्रूण सापडले. ते वर्तमानपत्रात वाचलं त्या सकाळी मी माझ्या डेकमधली चारही पेज काढून टेबलावर मांडली होती. माझ्या एखाद्या वाक्याने कुणाच्या घरात काय झालं असेल, याचा विचार करत बसले. काही झालं नसेलही. पण मुलगा की मुलगी या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवसापासून दिलेलं नाही, आणि तुम्हीही देऊ नका असं हात जोडून सांगते. इथे माझं दुसरं काही मत असूच शकत नाही.

आता मुद्द्याचं. हे सगळं आलं कुठून? टॅरो ही पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायची पानं होती. आपण बदाम सात किंवा झब्बू खेळतो तशी. मिलानच्या व्हिस्कोंती घराण्यासाठी केलेला एक अगदी जुना संच आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्यात प्रत्येक सूटमध्ये दरबारी पानं चार नव्हती, सहा होती. राजा-राणी तर होतेच, पण घोडेस्वार पुरुष तसा घोडेस्वार स्त्री, पोऱ्या तशी पोरगी. पुढे त्या घोड्यावरच्या बायका आणि त्या पोरी गळाल्या आणि चार उरली. या पानांत गूढ ज्ञान आहे असं 1781 मध्ये फ्रान्समध्ये कूर द जेबलँ यांनी छापलं, आणि त्यांचा भविष्यासाठी वापर त्यानंतर फोफावला. आपल्यापैकी बहुतेकांच्या हातातला डेक 1909 साली लंडनमध्ये निघाला. चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली. 78 चित्रं. नाव लागलं प्रकाशकाचं आणि वेट यांचं, ‘रायडर-वेट’. चित्रकर्तीची खूण तेवढी कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांच्या वेलांटीत राहिली. पुढच्या वेळी डेक हातात घ्याल तेव्हा ती शोधा.

मग नावं तरी कुठे कायम आहेत? फ्रीडा हॅरिस यांनी रंगवलेल्या थॉथ डेकमध्ये किंग नाहीच. तिथे नाइट, क्वीन, प्रिन्स आणि प्रिन्सेस आहेत. 1981 साली आलेल्या गोल कार्डांच्या मदरपीस डेकमध्ये दरबारी पानांची नावं मुलगी, मुलगा, पुजारीण आणि शामन अशी आहेत. लव्हर्सचं तर चित्रच बदललं. फ्रान्समधल्या जुन्या मार्से पद्धतीच्या पानात एक तरुण दोन बायकांच्या मधे उभा आहे आणि वर बाण रोखलेला मदन, म्हणजे विषय निवडीचा. 1909 मध्ये त्याचं आदम आणि हव्वा झालं. आपल्याकडेही सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या: 120 पानं, प्रत्येक अवताराला एक राजा आणि एक प्रधान. राणी नाहीच. म्हणून गंजिफा खेळणाऱ्यांच्या घरात बायका नव्हत्या असं कुणी म्हणेल का?

वेट यांचंच पुस्तक पुढे वाचा. ज्याच्यासाठी कार्डं मांडायची त्याचं प्रतिनिधी कार्ड कसं निवडायचं, याचा नियम त्यांनी दिलाय. चाळिशीच्या पुढच्या पुरुषाला नाइट, आतल्याला किंग. चाळिशीच्या पुढच्या बाईला क्वीन, आणि त्याआतल्या बाईला पेज. पेज! चित्रात टोपी घातलेलं पोरगं आणि त्याच्या जागी तरुण बाई बसवायची, असं खुद्द लेखकाने सांगितलंय. चित्रातलं अंग आणि समोरच्या माणसाचं अंग जुळलंच पाहिजे, ही अट तिथेच मोडली आहे. त्याच नियमात रंगही आहेत. वाँड्स हे खूप गोऱ्या, सोनेरी किंवा तांबूस केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या लोकांसाठी, आणि पेंटॅकल्स काळ्या केसांच्या, काळ्या डोळ्यांच्या, सावळ्या लोकांसाठी. त्या हिशेबाने गणपती पेठेतून जाणारं प्रत्येक माणूस पेंटॅकल्सचं, उरलेले तीन सूट आपण डब्यात ठेवायचे. आपल्यापैकी कुणी असं करतं का? मी तर नोट्समध्ये तो नियम उतरवलासुद्धा नव्हता. इथल्या माणसांना तो लागू पडत नव्हता म्हणून विचार न करता सोडून दिला. केसांच्या रंगाचा नियम सोडताना टॅरोचं काही बिघडलं नाही. मग बाईपुरुषाचा नियमच तेवढा ब्रह्मवाक्य कसा?

आणि चौदावं कार्ड, टेंपरन्स. दोन पेल्यांतून पाणी ओतणारा देवदूत. त्याच्याविषयी 1911 च्या सचित्र पुस्तकात वेट लिहितात की मी याला पुल्लिंगी संबोधतो खरा, पण ही आकृती पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही. हे वाक्य मी पहिल्या वर्षी वाचलं होतं. खाली पेन्सिलने रेघ मारायचंसुद्धा सुचलं नाही.

आपल्या भाषेतही यावरचा उपाय आहे आणि तो रोज तोंडात आहे. कुपवाडचा एक मुलगा दोन वर्षांपूर्वी आला. कागदोपत्री अजून मुलीचं नाव. माझ्या फॉर्मवर तेव्हा ‘स्त्री / पुरुष’ असा रकाना होता. त्याने पेन त्या रकान्यावर टेकवलं, तसंच धरून ठेवलं, मग रकाना रिकामा सोडून पुढची जन्मतारीख लिहिली. मी वयाने मोठी म्हणून सवयीने ‘तू’वर आले. ‘तू आलीस’, ‘तू करतेस’. प्रत्येक ‘स’ला त्याची मान थोडी खाली जात होती. मराठीत ‘तू’ म्हटलं की क्रियापद लगेच विचारतं, बाई की बाप्या. ‘तुम्ही’ तसं विचारत नाही. तुम्ही आलात, तुम्ही करता, तुम्ही जाल, तुम्ही ठरवलंत. आपल्या आजीपणजींनी मान देण्यासाठी वापरलेलं हे रूप, ते कुणालाही लिंग विचारत नाही. ‘त्यांना’, ‘त्यांचं’, ‘त्यांनी’ यांतही तो प्रश्न येत नाही. ‘व्यक्ती’ तर व्याकरणाने स्त्रीलिंगीच, ‘ती व्यक्ती फोन करेल का’ असं पैलवानाबद्दलही विचारता येतं.

अडचण येते ती विशेषणांना. ‘तुम्ही एकटे पडलात’ की ‘एकट्या पडलात’? तिथे मी वाक्य फिरवते. एकटेपणा जाणवतो का, थकवा आलाय का, मन धजत नाही का. पहिले काही दिवस जिभेला वळण लागेना. आता लागलंय. तो मुलगा ‘तुम्ही’ ऐकून सैलावला, आणि जाताना मलाच म्हणाला, "मावशी, मला ‘तू आलास’ म्हटलं तरी चालेल." मी तसंच म्हणते. समोरचं माणूस स्वतःबद्दल जे क्रियापद वापरतं ते कान देऊन ऐकायचं, यापेक्षा जास्त काही करावं लागत नाही. फॉर्मवरचा रकाना मी काढून टाकला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2014 मध्ये स्वतःचं लिंग स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. आपला कागद तर साधा रीडिंगचा.

‘हे सगळं पुण्यामुंबईचं, बाहेरचं खूळ’ असं आपल्यातल्या दोघातिघांनी मला आधीच सांगितलंय. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण हे मला पटत नाही. सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. 1843 साली विष्णुदास भावे यांनी इथे ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, तेव्हा सीता पुरुषानेच केली होती. बालगंधर्व आपल्याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचे. त्यांच्या रुक्मिणीला पाहून घराघरातल्या बायका तसं लुगडं नेसायला शिकल्या, हे माझ्या आजीकडून मी ऐकलंय. सौंदत्तीला जाणारे, देवीला वाहिलेले आणि बाईच्या वेषात राहणारे जोगते डोक्यावर देवीचा जग घेऊन आपल्या दारात येत आले, आणि आपल्या आया त्यांच्या पाया पडत आल्या. देहविक्री करणाऱ्या बायकांच्या आणि तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संग्राम, वेश्या अन्याय मुक्ती परिषद आणि मुस्कान या संस्थांचं काम याच सांगलीत वाढलं. अंगाने एक आणि वागण्याने दुसरं असं माणूस या मातीने कधी पाहिलंच नाही, असं म्हणायला इथे जागा नाही. नाटकात चालतं, देवाच्या दारात चालतं, आणि आपल्या टेबलावर मात्र राणी म्हणजे बायकोच!

अजून एक काळजी आहे, ती मी थोडी आग्रहाने मांडते. आपल्याकडे माणूस एकटं कमी येतं. आई मुलीला घेऊन येते, बहीण भावाला, कधी सगळं कुटुंब रिक्षातून उतरतं. अशा वेळी, विशेषतः ज्यांना हे पत्र पटेल त्यांच्याकडून, एक नवी चूक होऊ शकते. आईसमोर आपण मोठ्या मनाने म्हणायचं, ‘जोडीदार मुलगीही असू शकते बरं का’, आणि त्या पोरीचा चेहरा पांढरा पडायचा. घरी गेल्यावर तिला काय ऐकावं लागेल ते आपल्याला दिसत नाही. म्हणून मोकळं वाचणं म्हणजे अंदाज बांधून बोलणं नव्हे. कुणाचं काय आहे हे आपण ओळखायचं नाही, सुचवायचं नाही, डोळा मिचकावायचा नाही. ‘जवळची व्यक्ती’ म्हणायचं आणि थांबायचं. त्यात नाव भरायचं की नाही, कधी भरायचं आणि कुणासमोर, हे ज्याचं त्याने ठरवावं. शक्य असेल तर दहा मिनिटं एकट्याशी बोलायला मागा. माझ्याकडे मी सगळ्यांनाच तसं सांगते, म्हणजे कुणावर संशय येत नाही.

आता अकरावं पान. ते मी मागे घेते. तुमच्याकडे, तुमच्या विद्यार्थ्यांकडे, त्यांच्या विद्यार्थ्यांकडे जिथे कुठे ते असेल तिथून ते काढा. त्याच्या जागी मी नवीन लिहिलंय. आपल्या मराठीत कार्डही ‘ते’ आणि पानही ‘ते’, त्याचा मला लिहिताना फार उपयोग झाला. पेज हे शिकणारं पान: नवखं, उत्सुक, हातात नवी वस्तू घेऊन निरखत उभं असलेलं. साठीच्या आजोबांनी मोबाइल शिकायला घेतला तर ते पेज. नाइट हे निघालेलं पान. कप्सचा नाइट हळू निघतो, स्वॉर्ड्सचा सुसाट, आणि पेंटॅकल्सचा घोडा तर जागचा हललेलाच नाही. कुणी बदली मागतं, कुणी नोकरी सोडतं, कुणी पहिल्यांदा खरं बोलायला निघतं. क्वीन हे मुरलेलं पान, आतून पेलणारं. किंग हे कारभार बघणारं पान, बाहेरचं सांभाळणारं, जबाबदारीचं ओझं घेतलेलं. बचत गटाची अध्यक्ष असो की साखर कारखान्याचा. एम्परर म्हणजे शिस्त आणि चौकट. एम्प्रेसपुढे मी त्या द्राक्षबागायतदारांचं म्हणणं लिहिलंय. लव्हर्सपुढे एकच शब्द, ‘निवड’. आणि क्वीन ऑफ स्वॉर्ड्सपुढे लिहिलंय: ‘उघडा पंजा बघा. सही करायची की नाही हे हे माणूस स्वतः ठरवतं.’

कुणाला यात भर घालावीशी वाटली, कुणाला यातलं काही पटलं नाही, तर घरी या. कुठल्याही रविवारी दुपारी चारनंतर मी असते. डेक आणा, नोट्सही आणा. जुन्या पिढीतल्या ज्यांनी मला शिकवलं त्यांच्याविरुद्ध मी काही बोलते आहे असं कृपा करून समजू नका. तुम्हीच मला सांगितलं होतं की आधी कार्ड बघ, मग पुस्तक बघ. मी उलटं केलं.

त्या मुलीने माझ्यासमोरच जुनं पान स्पायरलमधून ओढून काढलं. कडेची भोकं फाटली. नवीन पान तिने घडी घालून वहीत ठेवलंय, कारण त्या दिवशी झेरॉक्सवाल्याचं दुकान बंद होतं. मग आम्ही तिचा स्प्रेड मांडला. तिसऱ्या जागी नाइट ऑफ कप्स पडला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बघा, कोण निघालंय आणि हातात काय आहे." बराच वेळ तिने कार्ड हातात धरलं, मग म्हणाली, "मीच आहे वाटतं, काकू. पेला सांडू नये म्हणून घोडा हळू चालवते."

आपली,
विश्रामबागेतली एक टॅरो वाचक